नकली क्लाउडवर सगळं हिरवं, खऱ्यावर लाल: टेस्टची विभागणी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईत महापेच्या सहा जणांच्या टीमकडे साडेचारशेच्या आसपास ऑटोमेटेड टेस्ट आहेत. सगळ्या लोकलस्टॅकवर, म्हणजे आपल्याच मशीनवर चालणाऱ्या नकली एडब्ल्यूएसवर, चालतात आणि हिरव्या येतात, म्हणजे पास होतात. तरीही खऱ्या एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर, डिप्लॉय केलं की पंधरवड्यातून एकदा काहीतरी फुटतंच. वैतागून त्यांनी सगळ्याच्या सगळ्या टेस्ट खऱ्या अकाउंटवर चालवून पाहिल्या. तासभर लागला, दर वेळी वेगळ्याच वीस-पंचवीस लाल आल्या आणि महिनाअखेरीला बिल बघून वरून फोन आला. आता कुठल्या टेस्ट कुठे चालवायच्या?

मी याच पट्ट्यात, आधी ऐरोलीला आणि आता रबाळ्याला, चौदा वर्षं हेच करतोय. या फोनचाही अनुभव घेतलाय.

युनिट, इंटिग्रेशन, एंड-टू-एंड असे तीन फोल्डर केले की प्रश्न सुटेल असं वाटत असेल तर तो नाद आधी सोडा. त्या नावांवरून टेस्ट केवढी आहे ते कळतं, ती कुठे चालवायची ते कळत नाही. मी प्रत्येक टेस्टला एकच प्रश्न विचारतो: ही लाल झाली तर चूक कशात निघेल? आपल्या कोडमध्ये, की क्लाउड कसा वागतो याबद्दलच्या आपल्या समजुतीत? पहिल्या जातीच्या टेस्ट नकली क्लाउडवर खुशाल चालवा, तिथेच त्या वेगात चालतात. दुसऱ्या जातीच्या तिथे चालवून काही हाती लागत नाही. कारण लोकलस्टॅक काय किंवा मोटो नावाचं तसलंच टूल काय, एडब्ल्यूएस कसं वागतं याबद्दल कुणाची तरी समजूत कोडमध्ये उतरवलेली असते. आपली समजूत त्यांच्या समजुतीवर घासून पाहिली तर दोघांचं एकमत आहे एवढंच कळतं.

कॉलेजात एकांकिका केलेल्यांना हे लवकर पटतं. हॉलमध्ये फरशीवर खडूने रंगमंच आखून महिनाभर तालीम चालते. संवाद पाठ होतात, हालचाली बसतात. मग गडकरी रंगायतनला रंगीत तालीम लागते आणि कळतं की विंगेत जायला दोन पावलं नाहीत, आठ लागतात, आणि तोवर बोलायला वाक्यच उरलेलं नाही. म्हणून कुणी महिनाभराच्या तालमी थिएटरात घेत नाही, परवडायचं नाही. पण रंगीत तालमीशिवाय प्रयोगही लावत नाही. आमच्या टीममध्ये खऱ्या अकाउंटवरच्या रनला ‘रंगीत’ हेच नाव पडलंय आणि पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या टूलमधला मार्कर, म्हणजे टेस्टवर लावायची खूण, तीही त्याच नावाची आहे.

आता दोन प्रसंग जरा जवळून सांगतो, कारण विभागणीचं सगळं तर्कशास्त्र त्यांतच आहे.

आमचं एक सॉफ्टवेअर ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी होतं. कळंबोली, उरण, न्हावा शेवा या भागातल्या गाड्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, बनवायचं. बिल्टीची पीडीएफ एस-थ्रीमध्ये, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फायली ठेवायच्या सेवेत, जायची. कोड साधा: आधी त्या नावाची फाइल आहे का बघायचं, ४०४, म्हणजे ‘सापडली नाही’, आलं तर नवी बनवायची, दुसरी कुठली एरर आली तर थांबून अलार्म द्यायचा. नकली क्लाउडवर नऊ टेस्ट, नऊही हिरव्या. डिप्लॉय झालं आणि पहिल्याच बिल्टीला अलार्म. एस-थ्री ४०४ च्या जागी ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, देत होतं.

कारण एस-थ्रीचा नियम असा आहे: नसलेल्या फाइलबद्दल विचारलं आणि तुमच्याकडे बकेटची, म्हणजे फायली ठेवलेल्या कप्प्याची, यादी बघायची परवानगी असेल, तर ४०४ मिळतं. ती परवानगी नसेल तर ४०३. यादी बघायचा हक्क नाही, त्याला फाइल आहे की नाही हे तरी का सांगा, असा त्यामागचा विचार. आमच्या ॲपच्या रोलला, म्हणजे ॲप ज्या ओळखीने चालतं तिला, वाचायची आणि लिहायची परवानगी होती, यादीची नव्हती. लोकलस्टॅक मूळ सेटिंगमध्ये परवानग्या तपासतच नाही, त्यामुळे त्याने इमानदारीत ४०४ दिलं.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. आम्ही तीच टेस्ट खऱ्या अकाउंटवर चालवली, तर तिथेही हिरवी! कारण टेस्ट ॲडमिनच्या चाव्यांनी चालत होती आणि ॲडमिनला सगळंच दिसतं. तेव्हापासून नियम असा: सामान मांडणं आणि आवरणं टेस्टच्या रोलने करायचं, पण ज्या ओळीची परीक्षा आहे ती ॲपचाच रोल घेऊन चालवायची. खऱ्या अकाउंटवर टेस्ट चालवता आणि तरी प्रॉडमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सिस्टिममध्ये, ‘ॲक्सेस डिनाइड’ दिसतं, असं होत असेल तर पहिल्यांदा हेच तपासा.

दुसरा प्रसंग रांगेचा. बिल्टीची विनंती एसक्यूएस या एडब्ल्यूएसच्या रांगेच्या सेवेतल्या साध्या क्यूमध्ये पडायची, वर्कर (मागे चालणारा प्रोग्रॅम) ती उचलायचा, पीडीएफ बनवायचा, मग मेसेज डिलीट करायचा. उचललेला मेसेज इतरांना दिसू नये म्हणून व्हिजिबिलिटी टाइमआउट असतो. आपण काही सांगितलं नाही तर तो ३० सेकंदांचा. नकली क्लाउडवर पीडीएफची सेवाही नकली होती, क्षणात उत्तर द्यायची. खऱ्यावर स्कॅन केलेल्या फोटोंसकट पीडीएफ बनायला कधीकधी चाळीस सेकंद लागायचे. तिसाव्या सेकंदाला मेसेज पुन्हा रांगेत दिसायचा, दुसरा वर्कर तो उचलायचा. कळंबोलीच्या नाक्यावर एका ड्रायव्हरच्या हातात एकाच मालाच्या दोन बिल्ट्या, दोन वेगळ्या नंबरांच्या. त्याला जे ऐकून घ्यावं लागलं ते त्याने फोनवर आम्हाला ऐकवलं.

टाइमआउट वाढवणं हा अर्धाच उपाय. साधी क्यू मेसेज ‘किमान एकदा’ पोहोचवायची हमी देते, एकदाच पोहोचवायची देत नाही, आणि क्रमाचीही हमी नाही. म्हणून वर्करनेच डायनॅमोडीबीत, म्हणजे एडब्ल्यूएसच्या डेटाबेसात, ‘या विनंतीचा नंबर आधी नसेल तरच लिही’ अशी अट घालून नोंद करायची आणि नोंद झाली तरच पुढे जायचं. हे एकदा कळल्यावर त्याची टेस्ट मात्र नकली क्लाउडवरच लिहिली. तोच मेसेज मुद्दाम दोनदा पाठवायचा आणि बिल्टी एकच निघते का बघायचं. दोन सेकंदांत होते, प्रत्येक पुशला, म्हणजे कुणी कोड वर चढवला की, चालते.

टेस्ट अशी वरून खाली उतरते, हे ध्यानात ठेवा. खऱ्या क्लाउडवर शोध लागतो. मग त्यातला जेवढा भाग आपल्या कोडच्या वागण्याचा आहे, तेवढ्याची नकलीवर टेस्ट करून ठेवायची. ४०३ चंही तसंच झालं. ४०३ आलं तर कोड काय करतो, हे नकलीवर. रोलला हव्या त्या परवानग्या आहेत का, हे फक्त रंगीतमध्ये. एका भानगडीतून दोन टेस्ट निघाल्या आणि दोघींची घरं वेगळी.

या शोधांसाठी आम्ही एक ‘फरकांची वही’ ठेवतो. कोडच्या रिपॉझिटरीतलीच साधी टेक्स्ट फाइल आहे. नकलीवर हिरवं आणि खऱ्यावर लाल असं काही सापडलं की तारीख, सेवा, फरक काय आणि त्यावर लिहिलेल्या टेस्टचं नाव, एवढी एक ओळ. टीममध्ये नवा माणूस आला की त्याला आर्किटेक्चरच्या चित्रांआधी ही वही वाचायला देतो. तुमच्याकडे गेल्या सहा महिन्यांत जे काही फुटलं ते आठवून अशी वही आजच सुरू करा. रंगीत टेस्ट कोणत्या हव्यात याची यादी तिच्यातूनच निघेल.

साधारणपणे या वहीत काय भरतं? परवानग्या सगळ्यात वर. मग मर्यादा आणि वेळ. डायनॅमोडीबीची लोकल आवृत्ती टेबलाला ठरवून दिलेली क्षमता मोजतच नाही. आणि तिथे लिहिलेलं लगेच वाचता येतं, त्यामुळे खऱ्यावर कधीतरी जुनी किंमत हाती येईल हे कुणाच्या मनातही येत नाही. मग प्रदेश. टेस्टमध्ये सवयीने यूएस-ईस्ट-वन लिहिलेलं असतं, आणि तिथे बकेट बनवताना ठिकाण सांगावं लागत नाही. मुंबई रीजनमध्ये, म्हणजे एपी-साउथ-वनमध्ये, ते सांगावंच लागतं, नाहीतर एरर. प्रॉड मुंबईत असेल तर टेस्टही मुंबईच्याच नावाने चालवा, नकलीवरसुद्धा. हे रीजन २०१६ पासून आहे, तरी अमेरिकेचं नाव टेस्टमधून जात नाही. कॉपी-पेस्टचा वारसा, दुसरं काय.

पण प्रत्येक पाप इम्युलेटरच्या, म्हणजे नकली क्लाउडच्या, माथी मारू नका. एस-थ्रीची यादी एका वेळी जास्तीत जास्त १००० नावं देते, पुढची हवी असतील तर पुन्हा मागावी लागतात. डायनॅमोडीबीची क्वेरी एका फेरीत १ एमबीपर्यंतच वाचते. पुढची फेरी मागायला कोड विसरला असेल, तर ते टेस्टला दिसत नाही, कारण टेस्टमध्ये तीन फायली असतात. हजारावर एक फाइल टाकून बघा, नकलीवरही सापडेल. आमच्याकडे अशा तीन-चार ‘जड’ टेस्ट आहेत आणि त्यांनी आजवर आपली भाकरी कमावलीय.

आता प्रत्यक्ष बांधणी. दोन वेगळे टेस्ट संच लिहू नका. काही महिन्यांत दोघांची तोंडं दोन दिशांना होतात. टेस्ट एकच, फक्त क्लाउडचा पत्ता बाहेरून द्यायचा. एडब्ल्यूएसच्या नव्या एसडीकेंना, म्हणजे कोडमधून क्लाउडशी बोलायच्या लायब्रऱ्यांना, एंडपॉइंटचा पत्ता एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देता येतो. तो असेल तर लोकलस्टॅकचा ४५६६ नंबरचा पोर्ट, नसेल तर खरं एडब्ल्यूएस. टेस्टच्या आत ‘नकली असेल तर हे, खरं असेल तर ते’ असा ‘इफ’ दिसला की मी रिव्ह्यूमध्ये अडवतो. फरक असेल तर तो मार्करमध्ये किंवा फिक्स्चरमध्ये, म्हणजे टेस्टच्या आधीच्या मांडणीत, दिसू दे. जाती तीनच: मार्कर नसेल तर दोन्हीकडे चालणारी, ‘रंगीत’ म्हणजे फक्त खऱ्यावर, आणि ‘खोड’ म्हणजे फक्त हातच्या बनावट क्लायंटवर, म्हणजे क्लाउडशी बोलणाऱ्या भागाच्या नकलेवर.

ही तिसरी जात बहुतेक जण विसरतात. काही गोष्टी नकलीवर होत नाहीत आणि खऱ्यावर मागून मिळत नाहीत: थ्रॉटलिंग (विनंत्या जास्त झाल्या की क्लाउडने अडवणं), अर्ध्यात तुटलेलं कनेक्शन, पंचवीसच्या बॅचमधल्या चारच नोंदी परत येणं. डायनॅमोडीबीच्या बॅच लिहिण्यात २५ नोंदी पाठवता येतात आणि न लिहिलेल्या नोंदी उत्तरात परत येतात. कॉल मात्र यशस्वीच दिसतो! त्या परत आलेल्या नोंदी कोड पुन्हा पाठवतो का, हे पाहायला खऱ्या क्लाउडची वाट बघत बसू नका. क्लायंटच्या जागी आपला बनावट ठेवा आणि त्याच्याकडून मुद्दाम खोड्या करवून घ्या.

आणि डेटाबेसच्या बाबतीत उगाच घाबरू नका. टेस्टकंटेनर्स ही लायब्ररी वापरून डॉकरच्या कंटेनरमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस उभा केला तर तो नकली नसतो, खराच पोस्टग्रेस असतो. प्रॉडचीच मेजर आवृत्ती घ्या, बस. फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने सूत्रं घेणं) वगैरे आरडीएसच्या, म्हणजे एडब्ल्यूएस सांभाळतं त्या डेटाबेसच्या, गोष्टी तेवढ्या रंगीतमध्ये ठेवा.

तुमच्या ‘दर वेळी वेगळ्याच लाल’ टेस्टबद्दल. मी तुमचा कोड पाहिलेला नाही, पण दोन गोष्टींवर पैज लावायला तयार आहे: नावं आणि झोप.

नावं आधी. टेस्ट क्यू बनवते, संपताना डिलीट करते, पुढचा रन त्याच नावाने पुन्हा बनवायला जातो. एसक्यूएसमध्ये क्यू डिलीट केल्यावर ६० सेकंद त्याच नावाची क्यू बनवता येत नाही. पासवर्ड ठेवायच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये तर डिलीट केलेलं सीक्रेट किमान ७ दिवस माघारीसाठी राखून ठेवतात, तोवर ते नाव अडलेलं. मुद्दाम सक्तीने डिलीट केलं तरच सुटका. आणि दोघांनी एकाच वेळी पुश केलं तर एकाची टेस्ट दुसऱ्याचा मेसेज खाऊन टाकते. उपाय: प्रत्येक नावाला त्या रनचा नंबर जोडा. ब्रँचचं नाव जोडायचा मोह होतो, तो टाळा. बकेटच्या नावात कॅपिटल अक्षर किंवा अंडरस्कोअर चालत नाही आणि ६३ अक्षरांपलीकडे जाता येत नाही, आणि ब्रँचला अख्खं वाक्य नाव म्हणून देणारा एक तरी महाभाग प्रत्येक टीममध्ये असतोच.

झोप म्हणजे कोडमधली ‘पाच सेकंद थांब’ ही ओळ. नकलीवर पाच सेकंद फुकट जातात, खऱ्यावर कधी पुरतात, कधी नाही. आयएएममध्ये, म्हणजे परवानग्यांच्या सेवेत, केलेला बदल सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो, आणि तो नेमका किती हे आधी सांगता येत नाही. मग कुणीतरी पाचाचे दहा करतो, दहाचे तीस. ठाण्याला ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची असेल तर आपण डोळे मिटून दहा मिनिटं मोजत बसत नाही, इंडिकेटरकडे बघत राहतो. तसंच करा: दर अर्ध्या सेकंदाला विचारा, झालं की लगेच पुढे, आणि साठ सेकंदांत नाहीच झालं तर शेवटचं उत्तर काय आलं होतं ते छापून लाल व्हा. ते शेवटचं उत्तर छापणं विसरू नका. नुसतं ‘वेळ संपली’ वाचून रात्री अकराला काहीही कळत नाही.

बिलाबद्दल. टेस्टपुरत्या एस-थ्री, एसक्यूएस, लॅम्बडा (सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा) यांचे पैसे किरकोळ असतात. खिसा कापतात त्या नुसत्या उभ्या राहणाऱ्या गोष्टी: नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर जायची वाट), लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या वाटून देणारा), आरडीएस. त्यांचं मीटर तासावर चालतं, वापरा किंवा वापरू नका. म्हणून हलक्या वस्तू प्रत्येक रनला नव्या बनवा, जड वस्तू एकदाच उभारून सगळ्या रनमध्ये वाटून घ्या. तुमच्या तासभराच्या रनमधलाही बराच वेळ जड वस्तू उभ्या राहण्यातच जात असणार.

आवराआवरीची जबाबदारी टेस्टवर टाकून निर्धास्त होऊ नका. पाइपलाइन, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारी साखळी, मधेच कॅन्सल झाली की टेस्टच्या शेवटची सफाई चालतच नाही. आमच्याकडे एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी असाच कॅन्सल झालेला रन तीन नॅट गेटवे मागे ठेवून गेला आणि भाऊबीजेपर्यंत त्यांचं मीटर पळत राहिलं. आता प्रत्येक वस्तूवर ‘मुदत’ असा टॅग असतो आणि दर रात्री एक स्वतंत्र जॉब मुदत संपलेलं सगळं उचलून टाकतो. हे करायला टेस्टचं अकाउंट वेगळंच हवं, प्रॉडचं तर सोडाच, डेव्हलपरांचंही नको. एका अकाउंटच्या आत टॅगच्या भरवशावर डिलीट करणाऱ्या जॉबला प्रॉडची चावी देण्याइतका माझा कुणावरच विश्वास नाही, स्वतःवर तर नाहीच. बजेटचा अलर्ट लावा, पण तो उशिरा येतो आणि फक्त सांगतो, आपण होऊन काही बंद करत नाही.

पाइपलाइनचं गणित आमच्याकडे असं आहे. प्रत्येक पुशला नकलीवरच्या सगळ्या आणि ‘खोड’वाल्या, मिळून आठ मिनिटं. मर्जच्या, म्हणजे कोड मुख्य शाखेत घेण्याच्या, आधी रंगीतपैकी दहा-बाराच, ज्या लाल असतील तर डिप्लॉय करणं वेडेपणा ठरेल: रोलच्या परवानग्या, एक बिल्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत, लॅम्बडाला क्यू खरंच जोडलीय का. आणि रात्री सगळा संच खऱ्या अकाउंटवर, नकलीवर चालणाऱ्यासुद्धा. रात्रीच्या रनचा उपयोग एवढाच की वहीत नवी ओळ मिळावी. तो लाल आला म्हणून सकाळी कुणाचं मर्ज अडत नाही, पण दहाच्या स्टँडअपमध्ये त्याला एक नाव मिळतं: आज हे कोण बघणार.

कधी लाल कधी हिरव्या होणाऱ्या टेस्टला ‘परत चालव, होईल’ हे औषध देऊ नका. ती संचातून बाहेर काढा, तारीख टाका, दोन आठवड्यांत दुरुस्त झाली नाही तर डिलीट करा. डिलीट शब्दाला लोक दचकतात. पण जिच्या लाल होण्याकडे कुणी बघतच नाही, ती तशीही नसल्यात जमा असते.

इम्युलेटरची इमेज ‘लेटेस्ट’ ठेवू नका, नेमकी आवृत्ती लिहा. नाहीतर तुमच्या कोडमध्ये एक अक्षर न बदलता सोमवारी बिल्ड फुटतं आणि अर्धा दिवस आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून शोधण्यात जातो. आवृत्ती वाढवायची तेव्हा वही उघडून बघा, जुने काही फरक मिटलेले असतात. मग त्यांच्या टेस्ट रंगीतमधून खाली आणता येतात.

साडेचारशे टेस्ट एका झटक्यात लावायला जाऊ नका. या आठवड्यात टेस्टसाठी वेगळं अकाउंट काढा, वही सुरू करा आणि ॲपच्या रोलने चालणाऱ्या फक्त तीन रंगीत टेस्ट लिहा. पहिली ४०३ वालीच लिहा, तुमचाही कोड फाइल आहे का हे विचारत असणारच. पुढच्या आठवड्यात नावांना रनचा नंबर आणि झोपेच्या जागी विचारपूस. एवढं झाल्यावर तुमच्या त्या वीस-पंचवीसांपैकी ज्या अजूनही लाल राहतील, त्यांची नावं आणि शेवटचं छापलेलं उत्तर पाठवा, मग एकेक बघू.